पिकअपमधून निघाली बाबांची मोटरसायकल

मंडळी, आज सकाळी आमच्या परळच्या चाळीतून मोठी वरात निघाली. बाबांचा गुडघा दुखायला लागल्यापासून सहा वर्षं जिन्याखाली पडून असलेली त्यांची मोटरसायकल आम्ही पिकअपमधून कॉटन ग्रीनच्या गॅरेजला नेली.

चौघा शेजाऱ्यांनी फळी लावून ती वर चढवली. ड्रायव्हरने दोरीने करकचून बांधली, तरी बाबांना पटेना. "अरे, गिअरमध्ये टाक, नाहीतर मागेपुढे होईल!" शेवटी स्वतःच मागे चढून मोटरसायकलवर हँडल धरून बसले. मी "बाबा, गुडघा!" म्हणून ओरडतेय, पण ऐकतंय कोण?

लालबागच्या सिग्नलला मागचा बाईकवाला ओरडला, "काका, हेल्मेट कुठाय?" बाबा खो-खो हसत सुटले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलंच नव्हतं.

गॅरेजवाल्याने इंजिन तपासलं. "होईल चालू. पण काका, आता चालवणार कोण?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही. मी मागे बसून शिकवणार."

मी एकोणचाळीस वर्षांची, आजवर फक्त स्कूटर चालवलीय. घाबरलेय खरी, पण हसूही थांबत नाहीये. या वयात गिअरची गाडी शिकलेलं कोणी आहे का इथे? जरा धीर द्या ना!