सलीममामांचं नाव

गेल्या आठवड्यात, बुधवारी, माझ्या वर्गात एक चूक झाली. तसा कुणाचाच दोष नाही, सवयीची चूक... पण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मी सोलापुरात एका मिशनच्या मराठी शाळेत गणित शिकवते, सहावीची वर्गशिक्षिका आहे. आमच्याकडे बुधवारी पहिला तास प्रार्थनेचा. मिशनच्या सुहासिनीबाई येतात, बायबलमधली एखादी गोष्ट सांगतात आणि विचारतात, "आज कुणासाठी मागायचं?" मग आजीचा गुडघा, बाबांची नोकरी, एकदा तर मोहोळच्या आत्याची म्हैससुद्धा...

वर्गात निम्मी मुलं तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरांतली, बरीच मुसलमान, ख्रिस्ती अगदी मोजकी. कुणी हात जोडतं, कुणी बोटं गुंफतं, कुणी ओंजळ पसरतं. ज्याला नको त्याने नुसतं शांत बसायचं. मी स्वतः या बाबतीत कोरडी, मागच्या बाकावर बसून वह्या तपासणारी.

वर्षभर या मागण्यांत एक नाव कायम होतं. सलीममामा, आमच्या नाझनीनचे अब्बा. शाळेची रिक्षा चालवायचे, वर्गातली कितीतरी मुलं त्यांच्याच रिक्षातून यायची. किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं, रिक्षा दुसऱ्याकडे गेली... तेव्हापासून दर बुधवारी पोरं म्हणायची, "सलीममामांना बरं कर." पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

या महिन्यात सलीममामा गेले.

नाझनीन शाळेत परत आली ती नेमकी बुधवारी. मला सकाळपासून धास्ती... एवढी पोरं एवढे दिवस मागत राहिली, आता तिच्यासमोर कोणत्या तोंडाने हात जोडायचे? मी सुहासिनीबाईंना म्हटलं, आज राहू द्या, मी गणित घेते. त्या म्हणाल्या, "नको. तिला वाटेल तिच्यामुळे तास टाळला."

त्या दिवशी प्रार्थना सांगायची पाळी श्रीनिवासची होती. डोळे मिटून, नेहमीच्या सुरात त्याने सुरुवात केली. आजीचा गुडघा झाला, कुणाची तरी परीक्षा झाली, आणि त्याच ओघात... "सलीममामांना बरं कर."

श्रीनिवासने डोळे उघडले आणि त्याला रडूच फुटलं. सुहासिनीबाईंनी त्याला जवळ घेतलं, "असू दे रे, तोंडात बसलेलं नाव आहे ते." मग नाझनीनकडे वळून म्हणाल्या, "बाळा, आजपासून आपण हे नाव..."

नाझनीन उभी राहिली. "बाई, बंद करू नका की."

आता खरी अडचण इथे होती. सुहासिनीबाईंच्या पंथात गेलेल्या माणसासाठी देवाकडे काही मागत नाहीत. माणूस गेला की तो देवाच्या हाती, आपण मध्ये बोलायचं नाही, असं त्या मानतात. स्वतःचे मिस्टर गेले तेव्हाही त्यांनी हेच पाळलं होतं. विश्वासाच्या बाबतीत बाई पक्क्या, आणि समोर ही पोर उभी...

शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्यात गेलेल्यासाठी मागत नाहीत, नाझनीन. तुला खोटं कशाला सांगू? पण तो माणूस आपल्याला मिळाला, याबद्दल देवाचे उपकार मानता येतात. उपकारस्तुती म्हणतो आम्ही. ती करू या?"

नाझनीनने मान हलवली.

मग मुलं एकेक करून बोलायला लागली. मामा सगळ्यांची दप्तरं स्वतः रिक्षाला बांधायचे... पाऊस आला की आमच्या बाजूचे पडदे आधी सोडायचे... श्रीनिवास नाक पुसत म्हणाला, "मला उशीर झाला तरी हॉर्न नाही वाजवायचे. अप्पा रात्रपाळी करून झोपलेले असायचे ना, म्हणून उतरून दाराशी यायचे."

शेवटी राहिली नाझनीन. ओंजळ तशीच पसरलेली, त्यात बघत म्हणाली, "अब्बा दर बुधवारी विचारायचे, आज माझं नाव घेतलं का वर्गात? मी घेतलं म्हणले की मगच जेवायचे. नंतर बोलता येत नव्हतं, तर नुसते माझ्याकडं बघायचे." मग म्हणाली, "मागच्या बुधवारी कुणी विचारलंच नाही, बाई."

मी वही तोंडासमोर धरली. रडले, सरळ सांगते. सुहासिनीबाईंच्या तोंडून आमेन निघेना, ते मुलांनीच म्हटलं.

वर्षभराचं ते मागणं वर कुणी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ते सुहासिनीबाई आणि त्यांचा देव बघून घेतील. पण आमच्या वर्गात घेतलेलं नाव खाटेवर पडलेला एक माणूस दर बुधवारी ऐकत होता, आणि मग दोन घास खात होता... एवढं मात्र खरं. आणि मी तेव्हा मागे बसून बेरजा तपासत होते.

काल पुन्हा बुधवार होता. अम्मीला बरं नाही म्हणून नाझनीन आली नव्हती, तरी मुलांनी सलीममामांचं नाव घेतलं. मी वह्या स्टाफरूममध्येच ठेवून गेले होते.

संध्याकाळी मी कुकर लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. नाझनीन होती. अभ्यासाचं काही विचारेल असं वाटलं...

"बाई, आज अब्बांचं नाव घेतलं का वर्गात?"

"घेतलं गं," मी म्हटलं. "जेव आता."