दुसरी कुठली जागा हाय का?

इकडे सातारा आणि तिकडे सांगली, या दोन्ही जिल्ह्यांतल्या झाडून सगळ्या नोकऱ्यांची चौकशी केलेला आणि त्यांतली एकही न पत्करलेला माणूस पृथ्वीवर एकच असेल, आणि तो दर सोमवारी पावणेदहाला माझ्या ऑफिसच्या पायरीवर उभा असायचा. ऑफिस उघडायचं साडेदहाला. मी कराडला नोकऱ्या लावून द्यायचं काम करते. कारखाने, दवाखाने, शाळा, हॉटेलं मला रिकाम्या जागा कळवतात, मी माणसांच्या मुलाखती घेते आणि त्यातली योग्य ती पाठवून देते. माझ्याकडे रिकाम्या जागांची एक यादी असते, माणसांची दुसरी, आणि कुणाला कधी फोन करायचा याची तिसरी. घरी वाणसामानाची, औषधांची आणि नवऱ्याला सांगायच्या गोष्टींचीही यादी असते. या पाटणच्या हवालदारांना मात्र मला कुठल्याच यादीत बसवता आलं नाही.

हवालदार फौजेतून पेन्शनीवर आलेले, साठीच्या आतबाहेरचे. पाटणहून पहिल्या एसटीनं यायचे. अंगात कडक इस्त्रीचा निळा कोट, मिशा खाली बघायचं नाव न घेणाऱ्या, डोक्यावर टोपी, काखेत प्लॅस्टिकच्या कव्हरांची जाडजूड फाइल, आणि पायात रबरी चपला. भर थंडीत चपला, भर पावसातही चपलाच. मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "हवालदार, मुलाखतीला बूट घालून यावं." त्यावर ते म्हणाले, "ताईसाहेब, बुटाला लेस असती." एवढंच. पुढं काही नाही, जणू सगळा खुलासा झाला. फाइलमध्ये डिस्चार्ज बुकापासून रस्सीखेचीच्या सर्टिफिकेटापर्यंत सगळं तारखेवार लावलेलं. माझ्यासारख्या बाईला माणूस आवडायला एवढं पुरे होतं. वर येताना ते नाचणीचे पापड आणायचे आणि "लाच न्हाई, वानवळा हाय" असं बजावून टेबलावर ठेवायचे.

मुलाखत त्यांची मी घ्यायची, असा माझा समज होता. प्रत्यक्षात तेच माझी घ्यायचे. बँकेवर सुरक्षारक्षकाची जागा आहे म्हटलं की दाराचं तोंड कुठल्या दिशेला, आधीचा माणूस कितीला घरी जायचा, त्याला बदली माणूस वेळेवर मिळायचा का, असं सगळं विचारून घ्यायचे. मग उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून माझ्या टेबलावर दोनदा टकटक करायचे, बाजारात बायका मडकं घेताना वाजवून बघतात तसं, आणि मान कलती करून ऐकायचे. त्या वेळी ऑफिसात का कुणास ठाऊक, पंख्याचाही आवाज कमी व्हायचा. आणि मग अगदी हळू विचारायचे, "ही जागा बरी हाय. पर दुसरी कुठली जागा हाय का?"

दुसरी म्हणजे भलतीच. पहिल्या सोमवारी त्यांनी विचारलं, "महाबळेश्वरात त्या टेकावरल्या हॉटेलात रिसेप्शनवर जागा हाय का?" मी मिशांकडे बघितलं. म्हटलं, "हवालदार, तिथं एक मुलगी आहे, चांगली तीन वर्षं आहे. जागा भरलेली आहे." "बरं. नसंल तर नसंल," म्हणून ते उठले. शनिवारी हॉटेलातून फोन आला. मुलगी स्ट्रॉबेरीवाल्या एका शेतकऱ्याशी लग्न करून मोकळी झाली होती, जागा तातडीनं भरायची होती. मी योगायोग म्हटलं आणि यादीत नोंद केली. पुढच्या सोमवारी टकटक झाली ती मिरजेच्या एका दवाखान्यातल्या एक्स-रे काढणाऱ्याच्या जागेसाठी. तीही भरलेलीच होती. गुरुवारी तो एक्स-रेवाला दुबईला निघून गेला. तिसऱ्या खेपेला हवालदारांनी शाळेच्या बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या बाईची जागा विचारली. माझी मदतनीस सुनंदा पाटावरवंट्यासारखी खडखडीत बाई आहे, ती खो खो हसत म्हणाली, "आवं मामा, साडी नेसून जाणार व्हय?" सहाव्या दिवशी त्या बाईनं मुलाकडं पुण्याला बिऱ्हाड हलवल्याचं कळलं आणि सुनंदा हसायची थांबली. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दाराला लिंबू-मिरची आली.

मी तशी देवाधर्माच्या भानगडीत न पडणारी. मी वही केली. चार रकाने आखले: जागा, ठिकाण, विचारल्याचा वार, रिकामी होण्याचं कारण. वर नाव लिहिलं, "हवालदारांनी विचारलेल्या जागा." खोटं कशाला सांगू, त्या वहीचा मला धंद्यात उपयोग होऊ लागला. सोमवारी टकटक झाली की मी मंगळवारीच त्या जागेसाठी माणूस हेरून ठेवायची. आठवड्याच्या आत फोन यायचा आणि मी तासाभरात माणूस पाठवायची. "मॅडम, तुमच्याकडं काय जादू हाय का?" असं लोक विचारायचे. पुढं बातमी फुटली. एमआयडीसीतल्या एका मॅनेजरांनी मला आडून आडून विचारलं, "ते तुमचे फौजी... आमच्याकडच्या कशाबद्दल बोलले नाहीत ना?"

आठवी नोंद विट्याच्या शिपायाची होती. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, "चहा घेता घेता गेला." वय बेचाळीस. दहावी नोंदही तसलीच. तेव्हापासून सोमवारची टकटक झाली की सुनंदा आतल्या खोलीत जाऊन फाइली लावत बसे आणि मी हातातलं पेन खाली ठेवी. हवालदारांना विचारायचं धाडस काही होईना. ते आपले पापड ठेवायचे, माझ्या गुडघेदुखीची चौकशी करायचे, आणि मी "जागा भरलेली आहे" म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा, खरोखर नोकरी हुकल्यासारखा. अकरा वेळा मी तो चेहरा बघितला.

बाराव्या वेळी बाहेर धुकं होतं. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होऊन महिना झाला होता. हवालदारांनी पाणी प्यायलं, टकटक केली, मान कलती केली. या वेळी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "ताईसाहेब, इस्लामपूरकडं साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर जागा हाय का? दिवसपाळीची."

त्या जागेवर माझा नवरा होता. बावीस वर्षं.

"भरलेली आहे," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. हवालदारांना माझा नवरा कुठं काम करतो हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. ते मान खाली घालून निघून गेले.

संध्याकाळी नवरा मोटारसायकलवरून घरी आला तशी मी किल्ली काढून घेतली आणि वही त्याच्यापुढे ठेवली. तो आधी हसला. "अगं, एका म्हाताऱ्याच्या टकटकीवर मी नोकरी सोडू? हंगाम चालू हाय!" मग वाचत गेला. आठव्या नोंदीपाशी थांबला, दहाव्यापाशी थांबला, आणि वही मिटून म्हणाला, "तुला सांगितलं न्हवतं. पंधरा दिवस झालं, गाडी उतरून गेली तरी काटा शून्यावर येत न्हाई. सत्तर किलो दाखवतोय. सांगलीचा माणूस आला, सगळं उघडून बघितलं, म्हणाला खाली चिखल अडकला आसंल. चिखल काढला. तरी सत्तर." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "माझं वजन किती गं?"

औषधांच्या यादीत ते लिहिलेलं होतं. एकाहत्तर.

मी रात्रभर रडत वगैरे बसले नाही. मी विचार केला. वहीत बारा नोंदी, जागा रिकामी होणार हे धरून चालायचं. पण कारणाचा रकाना अजून कोरा होता, आणि पेन माझ्या हातात होतं. सकाळी मी त्याला म्हटलं, "अहो, जागा रिकामी व्हायचीय ना? मग तुम्ही धडधाकट असताना होऊ द्या." आणि कारणाच्या रकान्यात लिहून टाकलं, "राजीनामा." तो तासभर भांडला, बावीस वर्षांचा हिशोब सांगू लागला, मग मोटारसायकल घरी ठेवून एसटीनं कारखान्यात राजीनामा द्यायला गेला. मी तो परत येईपर्यंत स्टँडवर उभी होते. यादीत नसलेलं असं एवढं एकच काम मी त्या वर्षी केलं.

पुढच्या सोमवारी हवालदार आले तेव्हा नवरा माझ्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढं अवघडून बसला होता. मी आठवडाभर मनात घोळवलेलं एका दमात बोलून टाकलं. "हे माझे मिस्टर. काट्यावरची जागा यांची होती. बारा माणसं झाली, हवालदार. तुम्ही काय विचारता, कळतंय का तुम्हाला?"

हवालदारांनी टोपी काढली. नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पुढं होऊन त्याच्या दंडाला हात लावून बघितला. "सुटला," म्हणाले, "जित्ता सुटला की वो!" आणि खुर्चीत बसून त्या मिशाळ माणसानं लहान पोरासारखं तोंड टोपीत घातलं.

मग हळूहळू बोलले. फौजेत त्यांचा एक जोडीदार होता, त्यांच्याच गावाकडचा. एका पहाऱ्यावर तो उभा होता आणि त्याला सोडवायला हवालदारांनी जायचं होतं. "बुटाची लेस तुटली, ताईसाहेब. दुसरी ओवत बसलो. धा मिनिटं उशीर झाला. रिलीव्हर आल्याबिगर पोस्ट सोडायची न्हाई, त्यो उभाच ऱ्हायला." हवालदारांनी टोपी मांडीवर ठेवली. "तवापास्नं मला ऐकू येतंय, कुठं माणसाला सोडवायची येळ झालीया ते. म्हून म्या इचारतोय. तुमी एकदा हाय म्हणाला असता, तर म्या तितं जाऊन उभा ऱ्हायलो असतो. पर तुमी म्हणायच्या, भरलेली हाय."

बारा वेळा मी तसं म्हटलं होतं. वहीवर माझा हात होता, तो मी काढून घेतला.

"आता ती काट्यावरली जागा मोकळी हाय नव्हं?" हवालदार उठले. "मग मला द्या." मी नको म्हणाले, नवरा नको म्हणाला, सुनंदा तर आतून ओरडली, "मामा, काय डोकं फिरलंय का!" ते फक्त हसले. "सोडवायला जाणाऱ्यानं घाबरून कसं चालंल?" कारखान्याला हंगामापुरता माणूस हवाच होता, आणि फौजेत त्यांनी स्टोअरचं कामही केलेलं होतं. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली मुलाखत असेल, जिच्यात त्यांनी दुसऱ्या कुठल्याच जागेबद्दल विचारलं नाही.

आठ दिवस मी फोन जवळ घेऊन बसले. नववा गेला, पंधरावा गेला. महिन्यानं नवऱ्याच्या कपाटातलं सामान आणायच्या निमित्तानं मी कारखान्यावर गेले. ट्रॅक्टरांची रांग लागली होती, पाचटाचा वास सुटला होता, आणि केबिनमध्ये हवालदार निळ्या कोटात, चपला घालून, ट्रॅक्टरवाल्यांना "लायनीत, लायनीत" म्हणून दटावत होते. मी रिकाम्या काट्यावरून चालत गेले तसे खिडकीतून ओरडले, "साठ, ताईसाहेब! गुडघं दुखणारच!" खाली उतरून मी आकड्याकडे बघितलं. शून्य.

"चिखल निघाला म्हणायचा," मी म्हटलं.

"चिखल न्हवं वो," हवालदार म्हणाले. "पैल्याच दिशी जोडीदाराला आत बोलावून घेतला. म्हटलं, गड्या, थंडीत भायेर कशाला उभा? मी आलोय नव्हं."

केबिन लहान होती, तरी तिच्यात दोन खुर्च्या होत्या. टेबलावर चहाचे दोन ग्लास भरून ठेवले होते, आणि दोन्हींतून वाफ निघत होती. माझ्यासाठी त्यांनी तिसरा मागवला. मी उभ्यानंच प्यायले.

हंगाम संपत आलाय. कारखाना बंद झाला की हवालदार कुठं जाणार, हे मी त्यांना विचारलेलं नाही. सोमवारी पावणेदहाला पायरी मोकळी असते आणि पापड संपलेत. वहीत नंतर एकही नोंद झाली नाही. फक्त एक सवय मला लागली आहे. मुलाखत संपली, समोरचा माणूस उठायला लागला, की आता मीच विचारते, "दुसऱ्या कुठल्या जागेबद्दल काही विचारायचंय का?" बहुतेक लोक नाही म्हणतात. मी तरी पेन खाली ठेवून थोडा वेळ थांबते.