ढोल्याखाली कोणी उभं राहायचं?

घुमटाच्या कामावरच्या लोकांचे किस्से किती सांगू! मुलीला कडेवर घेऊन यांचा डबा पोहोचवायला जाते आणि रोज नवा संताप घेऊन परत येते.

आमचे हे सुतार. देवळाच्या घुमटाचा चुना पक्का होईपर्यंत त्याला खालून लाकडाचा आधार लागतो, त्याला ढोला म्हणतात. तो यांनीच बांधलेला. सगळा भार पाचरींवर. एकदा एक पाचर गायब! शोधली तर चहावाल्याच्या बाकाखाली.

"बेंच हिल रही थी, भिया!"

अहो, इथे अख्खा घुमट हलला असता! यांनी पाचर परत आणली आणि त्याला दुसरी तासून दिली. घरी आमचा पाळणा महिनाभर डुगडुगतोय, त्याला पाचर नाही!

*

पुजारीबुवांनी तर ढोल्यावर ओली धोतरं वाळत घातली. मी म्हटलं, "बुवा, आधीच चुना वाळेना, त्यात हे?"

"देवाच्याच घरात वाळताहेत ना!"

*

मग ग्वाल्हेरहून मध्यभारत सरकारचे मोठे साहेब आले. "गुंबद तो बन गया, लकड़ी क्यों फँसा रखी है?"

हे म्हणाले, "चुना गीला है, साब."

"तो पंखा लगाओ! सोमवार को मिनिस्टर साहब आ रहे हैं!"

*

पाचरी सैल करून ढोला काढताना तो बांधणाऱ्याने खाली उभं राहायचं, ही या लोकांची रीत. मी ठेकेदारजींना सुनावलं, "घाई तुम्हाला आहे, तर तुम्ही उभे राहा!"

"भाभीजी, मेरे छोटे-छोटे बच्चे हैं!"

आणि ही माझ्या कडेवरची काय बाजारातून आणली?

*

शनिवारी ढोला काढायचा ठरला. सकाळी हे म्हणाले, "घाबरू नकोस गं, चुना पक्का झालाय."

डबा भरला नाही. तशीच गेले. मुलगी ठेकेदारजींच्या हातात दिली आणि ढोल्याखाली यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"तू इथे काय करतेस? बाहेर हो आधी!"

"का? चुना पक्का झालाय ना?"

तिकडे मुलीने रडून आकांत मांडला. ठेकेदारजी तिला सांभाळत ओरडले, "ठोको मिस्त्री, टाइम हो रहा है!"

यांनी हातोडा उचलला, आणि सैल केलेली पाचर पुन्हा आत ठोकून घट्ट बसवली.

"चुना गीला है, ठेकेदारजी."