बशीतलं मशीन

आमच्या भाऊजींना राग आला की ते भांडत नाहीत. कानातलं मशीन काढतात, चहाच्या बशीत ठेवतात आणि खुर्चीत मागे टेकून बसतात. मग तुम्ही घसा फोडून बोला नाहीतर भिंतीशी बोला, सारखंच. दारात बँड वाजला तरी त्यांना कळायचं नाही. माझी थोरली बहीण म्हणते, माझ्या संसारात शेवटचा शब्द त्या बशीचा.

ताई स्टेडियमच्या तळघरातल्या धुलाईखान्यात कामाला आहे. शहराच्या बास्केटबॉल टीमच्या जर्सी, टॉवेल, मोजे, सगळं तिच्या हातून जातं. लग्नाच्या आदल्या वर्षी ती तिथे लागली, आता पुढच्या वर्षी सुटेल. हाताची कातडी साबणाने खाल्लीय. खाली बसली की उठताना कशाचा तरी आधार लागतो. भाऊजी सिटी बस चालवायचे, आता घरीच असतात, आणि त्या टीमपायी ठार वेडे. टीम तरी कशी? दरवर्षी आशा लावायची आणि ऐन वेळी माती खायची. लोकांनी नाद सोडला, टीमवर विनोद रचले. भाऊजी मात्र चिवट. दरवेळी पुढच्या वर्षी बघा म्हणायचे आणि आम्ही माना डोलवायचो, उगाच कशाला त्या माणसाला दुखवा.

गंमत अशी की इतक्या वर्षांत या दोघांनी एकही सामना एकत्र बघितलेला नाही. सामना म्हटला की ताईची ड्यूटी. वर हजारो माणसं ओरडतायत आणि ही खाली ड्रायरमधून टॉवेल उपसतेय. तिला सामना कळायचा तो छतातून. लोक पाय आपटायला लागले की ट्यूबलाइट थरथरायची, मग ही समजायची की आपण पुढे आहोत. लग्नानंतर कधीतरी दोघांनी ठरवलं होतं, कप जिंकतील तो सामना शेजारी बसून बघायचा. टीम जिंकायचं नाव घेईना, त्यामुळे ते ठरवणं तसंच पडून राहिलं.

यंदा टीम फायनलला पोचली. ताईने सुपरवायझरच्या मागे लागून सुट्टी मिळवली. भाऊजींनी सोफ्याचं कव्हर बदललं. ज्या माणसाने जन्मात कधी उशीचा अभ्रा बदलला नाही, त्याने. मलाही बोलावलं, पण खुर्चीवर बसायचं या अटीवर. सोफा दोघांचा.

सामना दुपारचा होता. सकाळी फोन वाजला. ताईच्या जागी येणाऱ्या बाईला ताप भरला होता. मध्यंतरापर्यंत काम कर, मग सोडतो, असं सुपरवायझर म्हणाला. मला असा राग आला.

"नाही म्हणून सांग," मी म्हटलं.

ती चपला घालत होती. "नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो गं. त्यापेक्षा जाऊन येणं सोपंय."

दारातून ती भाऊजींना म्हणाली, "रेकॉर्डिंग लावून ठेवा. मी येतेच." भाऊजींनी नुसती मान हलवली. ती जिना उतरली आणि यांनी मशीन काढून बशीत ठेवलं.

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, ती काय हौसेने गेलीय का? हाडांची काडं झाली तिच्या, आणि तुम्ही इथे रुसून बसा. ऐकायला येत नाही हे ठाऊक असूनही मी बरंच सुनावलं. माणसाला कधी कधी ते बरं पडतं. भाऊजी उठले, खिडकीचे पडदे ओढले आणि सोफ्याच्या एका टोकाला जाऊन बसले. दुसरं टोक रिकामं.

सामना सुरू झाला तरी टीव्ही बंदच. नुसता रेकॉर्डिंगचा लाल दिवा. मी रिमोटकडे हात नेला, तर यांनी तो मांडीखाली घातला. मध्यंतर झालं असेल तेव्हा ताईचा मला फोन आला. मागे यंत्रांची घरघर. म्हणाली, "सोडत नाहीयेत. जिंकले तर वर समारंभ आहे, कोरडे टॉवेल लागतील म्हणतात. ह्यांना सांग." सांगू कसं, मशीन बशीत. मी हातवारे केले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

ऊन कलायला लागलं आणि एकदम बाहेर हॉर्न सुरू झाले. एक, मग दहा, मग सगळा रस्ता. वरच्या मजल्यावर कुणीतरी पातेलं बडवत होतं. मी ताडकन उठून खिडकीकडे निघाले, तेवढ्यात भाऊजी बोलले. मशीन नसलं की त्यांचा आवाज चढतो.

"धाकटे, बाहेर बघायचं असेल तर बघ, पण मग माझ्याकडे तोंड करू नकोस. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. ती आली की पहिल्यापासून बघू."

मी खाली बसले. हा माणूस सकाळपासून रुसलेलाच नव्हता. अख्ख्या शहरात काय झालं ते आपल्या कानावर पडू नये म्हणून त्याने कानच काढून ठेवले होते.

इतक्यात दार वाजलं. वरचा टॅक्सीवाला, तोंडाला टीमचा रंग फासलेला, हातात केकचा डबा. "काकांना बोलवा," म्हणाला. मी केक घेतला आणि दार त्याच्या नाकावर लावलं. बिचारा बाहेरून विचारत होता, काही चुकलं का म्हणून.

बसेस बंद होत्या. ताई चालत आली. जिन्यात तिचा पाय मला ओळखू येतो, म्हणून मी बाहेर धावले. मधल्या पायऱ्यांवर ती कठड्याला धरून उभी होती. गळ्यात कुणीतरी टीमचा पट्टा अडकवला होता आणि केसभर रंगीत कागदाचे कपटे.

"चिडलेत ना?" तिने विचारलं.

"मशीन बशीत आहे," मी म्हटलं, आणि पुढचं सांगायच्या आत ती पायरीवर बसली.

"मी दमलेय गं," ती म्हणाली. "शिट्टी झाली तेव्हा छतावरची धूळ पडली धुतलेल्या टॉवेलांवर. परत धुतले. वर जाऊन एक नजर टाकायलाही वेळ नव्हता. आणि आता घरी ही बशी."

मी तिच्या शेजारी बसले, तिच्या गळ्यातला पट्टा काढला आणि केसांतले कपटे एकेक करून वेचले. वेचता वेचता सांगितलं की त्यांना काही माहीत नाही, तुझ्यासाठी थांबलेत. मग मी तिला हात देऊन उठवलं.

आत गेल्यावर भाऊजींनी तिच्याकडे बघितलंच नाही. शेजारची जागा थोपटली. "काही बोलू नकोस. आधी बस."

ताई बसली आणि तिला रडू फुटलं. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. भाऊजींना ते हलणं जाणवलं आणि शेवटी त्यांनी मान वळवली. बराच वेळ ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हरलो ना," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. ताईने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

"असू दे," भाऊजी म्हणाले. "हरलेला तर हरलेला. तू आलीस ना. हाच बघू."

त्यांनी मांडीखालून रिमोट काढला. टीव्ही लागला, खेळाडू धावत मैदानात आले. ताईने पदराने डोळे पुसले आणि पुढे वाकून बघितलं. "त्या सात नंबरची कड मी शिवलीय," ती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही, पण तिने बोट दाखवलं तसं ते हसले. इतकी वर्षं तिने ती जर्सी ओली बघितली, सुकलेली बघितली, घडीत बघितली. पळताना पहिल्यांदा बघत होती.

आपली टीम सुरुवातीलाच मागे पडली. मी केक कापून आणला तेव्हा ताईचं डोकं भाऊजींच्या खांद्यावर होतं. तोंड अर्धवट उघडं, हात मांडीवर तसेच उताणे. मी तिला हलवायला गेले, तर भाऊजींनी माझा हात धरला. दुसऱ्या हाताने त्यांनी चित्र थांबवलं. चेंडू हवेत, सात नंबर हात वर करून उभा, आणि कोपऱ्यात आकडे, आपले कमी.

मग ते बोलले. मशीन नसताना इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"झोपू दे तिला. हरायची काय घाई आहे?"

मी केक टेबलावर झाकून ठेवला, दिवा घालवला आणि दार ओढून घेतलं. खाली रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. एका अनोळखी बाईने मला मिठी मारली आणि म्हणाली, जिंकलो की हो आपण, हसा जरा. मी हसले. मग मागे वळून वर बघितलं. त्यांच्या पडद्याआड टीव्हीचा उजेड होता, आणि तो हलत नव्हता.