पहिल्या घाण्याच्या करंज्या

आईच्या करंज्या म्हैस खात होती आणि मी ताट परत मिळायची वाट बघत गोठ्याबाहेर उभी होते. मालकीणबाईंनी ताट माझ्या हातून घेतलं नव्हतं. "ठेव कट्ट्यावर," एवढंच म्हणाल्या. मग पदराच्या टोकानं कड धरून त्यांनी ते गव्हाणीत पालथं केलं. माझ्यासमोर. लपवायचीही गरज वाटली नाही. वरून पाणी ओतून रिकामं ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "गोड लई आवडतं तिला."

मी तेव्हा चौथीत होते. मुखेडजवळचं आमचं गाव. गावाबाहेर आमची ख्रिस्ती वस्ती आणि पत्र्याचं चर्च. बाबा मालकांकडे सालगडी. नाताळ जवळ आला की बायका एकेकीच्या घरी जमून करंज्या लाटायच्या, पोरं कामट्यांची चांदणी करायची, चर्चला चुना लागायचा. पण पहिला घाणा मालकांच्या घरचा. त्यासाठी आई डोक्यावरून अंघोळ करायची, चूल सारवायची, कोरं तेल काढायची. त्या घाण्यातली करंजी आम्हाला चाखायलाही मिळायची नाही. ताटावर तिनं स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल असायचा.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. वाटलं, आई रडेल, निदान शिव्या तरी देईल. ती पिठाचे हात पुसत म्हणाली, "मला ठाव हाय."

तिला माहीत होतं. दरवर्षी माहीत होतं. तेव्हापासून शेजारी कुणी करंजी मोडली तरी मला गव्हाणीतला तो आवाज येतो. नाताळच्या उपासनेत सगळे गात असतात आणि मला म्हैस चावताना ऐकू येते.

पुढच्या वर्षी आईनं सारणात तूप घातलं. त्याच्या पुढच्या वर्षी वेगळी कढई आणली. बिचारीला वाटायचं, आपल्याच स्वच्छतेत कुठंतरी कमी पडतंय. मला तिचा राग यायचा. मालकिणीपेक्षा जास्त यायचा.

आता मी लातूरला नर्स आहे. तिथं माझ्या हातून सुई टोचून घेताना कुणी जात विचारत नाही. दुखत असतं ना.

यंदा नाताळाला पोरीला घेऊन गावी गेले. ओसरीवर वस्तीतल्या बायका लाटायला बसल्या होत्या. भाऊ दारात चांदणी टांगत होता. बाबा गेल्यापासून मालकांचा ट्रॅक्टर तोच चालवतो. आईनं कोनाड्यातून बेकरीचा चिकटपट्टी लावलेला डबा काढला आणि माझ्या पोरीच्या हातात दिला. "जा बाळा, मालकाच्या घरी देऊन ये."

"आजी, तू केलेल्या करंज्या का नाही द्यायच्या?"

"बंद डबा असला की खातेत ते. धाकल्या सूनबाईच म्हणल्या, पॅक असंल तर द्या."

आई हे आनंदानं सांगत होती. इतक्या वर्षांनी तिला उपाय सापडला होता. फक्त त्यात तिचे हात नव्हते.

मी पोरीच्या हातून डबा काढून घेतला.

"ही जाणार न्हाई. आपल्या घरचं आता कुणीच जाणार न्हाई."

लाटणी थांबली. शेजारची मावशी हळूच म्हणाली, "सणाचं नको गं असं. प्रभूनं माफ करायला शिकवलंय."

"माफी मागायला कोण आलंय, मावशी?"

आई घाबरली. "तुझ्या भावाला कामावरनं काढतेत बघ. तू जाशील लातूरला. हितं आम्हाला ऱ्हायचं हाय."

ती खोटं बोलत नव्हती. भावानं वळून पाहिलं नाही. चांदणीच्या सुतळीला गाठी मारत राहिला.

मी डबा वस्तीतल्या पोरांपुढं फोडला. कढईतून निघालेली पहिली करंजी आईच्या हातावर ठेवली. तिनं खाल्ली नाही. नुसती धरून बसली.

भावाचं काम जाईल. गेलं तर त्याला लातूरला नेईन, माझ्या दोन खोल्यांत सगळे राहू. आई माझ्याशी बोलणं टाकेल, तेही सोसेन. पण त्या गोठ्याबाहेर आमच्या घरचं लेकरू पुन्हा उभं राहणार नाही. मी उभी राहिले, ती शेवटची.