ताण दिलेला मोगरा

अकोल्यातल्या आमच्या अंगणातला मोगरा १९५८ च्या चैत्रात पहिल्यांदा फुलला. तोवर त्याला नुसता पाला यायचा. यंदाही फूल नाही आलं तर झुडूप उपटायचं, असं वडिलांनी बजावलं होतं.

आईचं माहेर अमरावतीकडचं, संत्र्याच्या बागेतलं. तिथे बहरासाठी झाडांना ताण देतात, तसाच तिने मोगऱ्याला दिला. पौषात पाणी तोडलं, मुळं उघडी केली, पाला काढून टाकला.

शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "काहून वं बाई, झाडाले मारून राहिली का?"

"मरत नाही काकू, उपास हाय त्याचा."

माघाअखेर तिने शेणखत घालून भरपूर पाणी सोडलं.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला आईने घरचा गजरा दिला. काकूंनी दोन मागून घेतले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मोगऱ्याभोवती विटांचं आळं बांधलं.