आसरखेडचा दुसरा नंबर

जूनमधला दुसरा सोमवार, सकाळी सव्वासहा, आसरखेडचा एस.टी. स्टँड. हजर: आई, बाबा, मी, माझी हिरवी पत्र्याची ट्रंक, स्टँडवरचे कंट्रोलर, चहावाले गफूरमामा, शाळेतले दोन निवृत्त मास्तर आणि माझ्याशी काहीही संबंध नसलेली पाच माणसं. गैरहजर: कोणी नाही, कारण त्या वेळी आसरखेडमध्ये दुसरीकडे कुठे हजर राहण्यासारखं काही नव्हतं.

पुण्याची गाडी दिवसातून एकच. तिला निरोप द्यायला स्टँडवर जाणं ही आमच्या गावची रीत होती. आपलं कोणी जात असो वा नसो. जाणाऱ्याला प्रत्येकानं विचारायचं, “कुठं निघालात?” उत्तर सगळ्यांना आठवडाभर आधीपासून माहीत असायचं, तरी विचारायचं. मग गाडी सुरू झाली की कुणीतरी तिच्या पत्र्यावर दोनदा थाप मारायची. थाप पडल्याशिवाय आमची गाडी हलल्यासारखी वाटायची नाही.

त्या दिवशी थाप बाबांनी मारली. बाबा पोस्टात क्लार्क होते. ते म्हणाले, “पोचल्यावर कार्ड टाक. दोन ओळी पुरे. हवापाण्याचं लिहू नको, ते पेपरात येतं.” आई म्हणाली, “कंटाळा आला तर परत ये.” मला हसू आलं. कंटाळा आला म्हणून तर निघाले होते.

हे मी लिहितेय ते माझ्याआधी आणि माझ्यानंतर त्याच गाडीनं निघालेल्यांसाठी, आणि जे थाप मारायला मागे राहिले त्यांच्यासाठी.

पुण्यात पहिल्या महिन्यात करायच्या कामांची यादी मी गाडीतच केली होती. त्यात ‘खोली’ हे एक काम होतं आणि त्यासाठी एक दिवस धरला होता. सहा लागले. आडनाव ऐकल्यावर दोन ठिकाणी “अहो, खोली आत्ताच गेली” असं कळलं. एका ठिकाणची ‘आत्ताच गेलेली’ खोली आठवड्यानंतरही तशीच रिकामी होती. मी मुद्दाम जाऊन पाहून आले. तिसरी बुधवार पेठेत, रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानावर. मालकीणबाईंनी आडनाव विचारलं नाही. नियम मात्र सांगितले: “पाणी सात ते साडेसात. त्यानंतर आंघोळीची इच्छा झाली तर ती दाबायची. पाहुणे आले तर चालतील, राहिले तर चालणार नाहीत.” मला बाई फार आवडल्या. नियम आधी सांगणारं माणूस मला नेहमीच आवडतं.

टायपिंगपासून सुरुवात झाली. आज मी हिंजवडीतल्या एका कंपनीच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळते. पिकअप, ड्रॉप, रोस्टर, लॉगिन टाइम, असे शब्द बोलतच माझा दिवस जातो. पहिली बस बिबवेवाडीतून, माझ्या घरापासून दोन चौक पुढून सुटते. सव्वासहालाच. ही वेळ मी ठरवलेली नाही, पण मला ती कधी बदलावीशी वाटली नाही. आणि तीस वर्षांत मला एकदाही कंटाळा आला नाही. त्याला लागतो तेवढा वेळच मिळाला नाही.

या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या ‘आसरखेडकर’ ग्रुपवर एक यादी आली. कुठल्याशा वेबसाइटनं राज्यातली राहायला सर्वांत कंटाळवाणी दहा गावं निवडली होती. आसरखेडचा नंबर दुसरा. कारणं दिली होती: थिएटर नाही, बाजार आठला बंद, ‘पाहण्यासारखे काही नाही’.

ग्रुप पेटला. माझा शाळेतला वर्गमित्र शिरीष, जो आता हिंजवडीतच सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यानं लिहिलं, “पहिला आला असता तर चौकात फ्लेक्स लावला असता. दुसऱ्यात काय मजा?” एकूण सूर मात्र दुखावल्याचा होता. गंमत अशी की दुखावलेले सगळे तिथून निघून आलेले होते. हरकतीचं पत्र लिहायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण यादीला उत्तर यादीनंच द्यावं असं सर्वांचं मत पडलं.

मुद्दे गोळा करायला मी बाबांना फोन केला. बाबा आता एक्याऐंशीचे. आई गेल्यापासून चार वर्षं ते घरात एकटेच राहतात.

“बाबा, आपलं गाव राज्यात दुसरं आलं.”

“कशात?”

“कंटाळवाणेपणात.”

“पहिलं कोण?”

मी नाव सांगितलं.

“तिथं मी दोन वर्षं बदलीवर होतो. निकाल बरोबर आहे.”

खरं सांगायचं तर मला हरकतीपेक्षा ती यादीच जास्त उपयोगाची वाटली. बाबांनी पुण्याला यावं म्हणून मी चार वर्षं मागे लागले होते. मागच्या थंडीत ते सकाळी न्हाणीघरात पडले आणि शेजाऱ्यांना दुपारी कळलं. त्यानंतर माझ्या यादीत ‘बाबा’ हे काम पहिल्या नंबरवर होतं. माझी मुलगी बंगळूरला गेल्यापासून तिची खोली रिकामीच आहे. मी म्हटलं, “आता तर जगजाहीर झालंय. तिथं एकटं बसून काय करता?”

ते म्हणाले, “ठीक आहे. पंधरा दिवस पुणं बघतो. तू तुझं गाव दाखव, मार्क मी देईन. जे पुढं जाईल तिथं राहीन.”

पंधरा दिवसांचं वेळापत्रक करून मी फ्रिजवर लावलं. बाग, मेट्रो, नाटक, मॉल, बुधवार पेठेतली पुस्तकांची दुकानं, एक दिवस विश्रांती. बाबा सगळीकडे शहाण्या मुलासारखे आले आणि खिशातल्या वहीत टिपत राहिले. पुस्तकांच्या दुकानातून त्यांना बाहेर काढायला मला दोनदा आत जावं लागलं. विश्रांतीच्या दिवशी मात्र ते सकाळीच गायब झाले. स्वारगेटच्या स्टँडवर सापडले. एका बॅगवाल्या गृहस्थांना विचारत होते, “कुठं निघालात?”

“तुम्हाला काय करायचंय?” गृहस्थ म्हणाले.

बाबांनी वही काढली आणि टिपलं.

मग मीच त्यांना एक दिवस कामावर घेऊन गेले. संध्याकाळी एकामागून एक चाळीस बसगाड्या फाटकातून सुटतात. ते माझ्या शेजारी उभे राहून शेवटपर्यंत बघत होते.

“यांना निरोप द्यायला कोण येतं?”

“बाबा, ही माणसं रोज जातात, रोज येतात. कोण येणार?”

फाटकाजवळून शेवटची बस वळत होती, तिच्या पत्र्यावर त्यांनी दोनदा थाप मारली. ड्रायव्हरनं दचकून ब्रेक दाबला. फाटकावरचा रखवालदार हसत म्हणाला, “बाबा, गाव कुठलं हाय तुमचं? आमच्याकडं बी अशीच मारत्यात.”

पंधराव्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी निकाल वाचला. पाहण्यासारखं: पुणे दहा, आसरखेड एक, आणि तो एक स्टँडसाठी. दवाखाना: पुणे नऊ, आसरखेड दोन. पुस्तकं: पुणे पैकीच्या पैकी. खाणं: पुणे सात, “कारण सगळं गोड करता”. विचारपूस: आसरखेड दहा, पुणे एक, “रखवालदाराचा”. बेरीज त्यांनी दोनदा केली.

“हरलो,” ते म्हणाले. “येतो.”

मला इतका आनंद झाला की मी लगेच नवी यादी करायला घेतली. तेवढ्यात ते म्हणाले, “पण चार्ज द्यावा लागेल.”

पोस्टात बदली झाली की जागेवर येणाऱ्याला चार्ज द्यायचा, दोघांनी रिपोर्टवर सही करायची, मगच जागा सोडायची. बाबांनी छत्तीस वर्षं हे पाळलं. मला वाटलं, ते सांभाळतात त्या विहारामागच्या वाचनालयाच्या किल्ल्यांबद्दल बोलतायत. चार दिवसांची रजा टाकून मी त्यांच्याबरोबर गेले.

भांडीकुंडी, गॅस, रेशनकार्ड, वाचनालयाच्या किल्ल्या ही सगळी कामं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उरकली. तिसऱ्या दिवशी मला काहीच काम नव्हतं. जेवण झालं, अडीच वाजले, समोरच्या भिंतीवरून एक मांजर गेलं, मग बऱ्याच वेळानं तेच परत आलं. मी दारातल्या पायरीवर बसले होते. आणि तीस वर्षांनी मला कंटाळा आला. चांगला ऐसपैस, पाय पसरून बसता येईल असा. आईचं वाक्य आठवलं आणि लक्षात आलं की मी ते उलटं समजले होते. कंटाळा आला की परत यायचं नव्हतं. परत आल्याशिवाय तो येणारच नव्हता.

त्या संध्याकाळी बाबा चार्ज द्यायला माणूस शोधत होते. तेव्हा मला कळलं की चार्ज वाचनालयाचा नव्हता. तो सव्वासहाच्या गाडीचा होता. गफूरमामा गेले, दोन्ही मास्तर गेले, बाकीची माणसं आता सकाळी मोबाइल बघतात. निवृत्त झाल्यापासून रोज स्टँडवर जाणारे आता एकटे बाबाच उरलेत. मास्तरांचा मुलगा त्यांना म्हणाला, “काका, रिकामटेकडेपणाचाही चार्ज असतो का?”

“असतो,” बाबा म्हणाले. “घेतोस?”

तो हसत आत गेला. आणखी दोघांनी नाही म्हटलं, पण चहा पाजून.

घरी आल्यावर बाबांनी एक जाड रजिस्टर काढलं. रकाने आखलेले: नाव, कुठे, केव्हा, परत. निरोप दिलेलं प्रत्येक माणूस त्यात होतं; जुनी नावं आठवून आठवून घातलेली. ‘परत’च्या रकान्यात कुठे ‘आला’, कुठे ‘आली, सासर सोडून’, पुष्कळ ठिकाणी मोकळं. शिरीषचं मोकळं होतं. माझ्यापुढे पेन्सिलनं लिहिलं होतं, ‘सुटीवर’. मी आयुष्यभर याद्या करत आले, आणि मी स्वतः कुणाच्या यादीत आहे हे मला माहीतच नव्हतं.

सोमवारी सकाळी सव्वासहा. हजर: बाबा, मी, नवे कंट्रोलर, नर्सिंगला पुण्याला निघालेली एक मुलगी, तिचे आईवडील. बाबांनी मुलीला विचारलं, “कुठं निघालात?” तिनं कानातला इअरफोन काढला, “पुण्याला, आजोबा” म्हणाली, आणि मग तिच्या आईला एकदम रडू फुटलं; विचारल्याशिवाय ते फुटलं नसतं. बाबांनी मलाही विचारलं. मी म्हटलं, “माहीत नाही का तुम्हाला?” ते म्हणाले, “विचारायचं असतं.”

चार्ज घेणारं कुणी मिळालं नव्हतं, म्हणून मी एकटीच गाडीत बसले. खिडकीतून त्यांनी एक लिफाफा दिला आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली. लिफाफ्यात चार्ज रिपोर्ट होता, दोन प्रतींत. चार्ज देणार: खाली बाबांची सही. डावीकडे, चार्ज घेणार: मोकळं.

हरकतीचं पत्र मी रद्द केलं, निकाल बरोबर आहे असं ग्रुपला कळवलं आणि बाबांच्या रजिस्टरबद्दलही लिहिलं. शिरीषनं विचारलं, “मग रजिस्टरमध्ये माझं काय लिहिलंय?” मी सांगितलं. रविवारी त्याचा मेसेज आला, की पुढच्या महिन्यात आठवडाभर जाऊन येतो, सकाळी स्टँडवर उभा राहीन, पण तात्पुरता. आमचा एक माणूस दर आठवड्याला, असं रोस्टर मी आता करतेय. न्हाणीघरात पकडायला दांड्या बसवल्या. शेजारच्या वहिनी सकाळी सात वाजता हाक मारतात, बाबांनी ओ दिली की मला फोनवर एक टिकमार्क पाठवतात.

घर कुठे, असं कुणी विचारलं तर मी अजून बिबवेवाडीच सांगते. सव्वासहाला मात्र माझं लक्ष दोन स्टँडांवर असतं.

फ्रिजवर पंधरा दिवसांच्या वेळापत्रकाच्या जागी आता चार्ज रिपोर्ट आहे. मला निवृत्तीला सहा वर्षं आहेत आणि बाबा एक्याऐंशीचे आहेत. ही बेरीज मीही दोनदा केली आहे. या महिन्याच्या यादीतल्या बाकी सगळ्या कामांवर काट मारून झाली. एक शिल्लक आहे: दोन्ही प्रतींवर, डावीकडे, खाली, सही.